बारा नव्हे, पंधरा

नदीमुख केंद्र
९ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं खुब्याचं हाड सांधत आलंय, हे बाबांकडून कळलं. तीन महिने म्हणजे नेमके किती दिवस, असं विचारून तू डॉक्टरांना हैराण केलंस, तेही कळलं. फोन करणार होते. पण एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून बसलेल्या बाईला फोन म्हणजे शिक्षा, हे आपल्या घरात कोण विसरेल? म्हणून पत्र.

सोबतच्या पार्सलात एक रेकॉर्डर, सहा कार्डं आणि हेडफोन आहेत. रागावू नकोस, आधी वाच. इथे नदी समुद्राला मिळते तिथे एकोणीस मोठे डॉल्फिन राहतात. प्रत्येकाची स्वतःची एक शीळ असते. लहानपणीच तो ती बसवतो आणि जन्मभर तीच घालत राहतो. नावच म्हण ना ते. चार वर्षं मी पाण्याखाली मायक्रोफोन सोडून त्यांची नावं गोळा करते आहे. शीळ फार उंच असते, आपल्या कानाला धड लागत नाही, म्हणून मी ती चौपट संथ करते. त्यामुळे तासाचे चार तास होतात.

डिसेंबरपासून पलीकडच्या काठाला नवा धक्का बांधायला घेतलाय. लोखंडी खांब हातोडायंत्राने तळात ठोकतात, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, दर दीड सेकंदाला एक घाव. खोलीत बसले तरी तो मला टाचेतून कळतो. आता पुढच्या टप्प्याची परवानगी त्यांना एप्रिलपासून हवी आहे, म्हणजे नेमक्या पिल्लं होण्याच्या महिन्यांत. मार्चमध्ये समिती बसेल. हातोड्यामुळे किती डॉल्फिन निघून गेले, हे मला तिथे दाखवायचंय. मोजणी कॉम्प्युटर शिळेचा आकार बघून करतो, पण त्याच्यावर नजर ठेवणारी माझी मदतनीस बाळंतपणाला गेली. तुझ्याइतका तिखट कान दुसऱ्या कुणाचा माझ्या माहितीत नाही. पहिली तीन कार्डं हातोड्याच्या आधीची, उरलेली नंतरची. एकोणीस जणांची नंबरवार यादी सोबत आहे. ऐक, आणि कोण कधी बोललं ते लिहून ठेव.

चालताना वॉकर सोडू नकोस. माया आहेच, ती तशीच राहू दे.

तुझी
टिटवी

---

२१ जानेवारी

चि. टिटवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पार्सल पोचलं. हेडफोन बघून आधी डोक्यात राख घातली, मग दुपारभर खिडकीबाहेरची तीच भिंत बघून कंटाळले आणि ते कानाला लावले. तेव्हापासून काढले नाहीत असं मला सांभाळायला येणारी बाई तक्रार करते. तिच्या मते मी डोळे मिटून पडलेली असते आणि मधेच बोट वर करते, त्यामुळे तिला भीती वाटते.

तुझे आकडे माझ्या लक्षात राहत नाहीत. सात नंबर, अकरा नंबर, ही काय माणसं ओळखायची रीत? एक्स्चेंजमध्ये आम्ही गिऱ्हाइकांना आवाजावरून नावं ठेवायचो, तशी मी ठेवली आहेत. सात नंबरचा शेवट नेहमी वर जातो, कायम काहीतरी विचारल्यासारखा, म्हणून तो शंकेखोर. अकरा नंबर एकच गोष्ट तीनदा सांगतो, तो पुन्हा-पुन्हा. चार नंबर खाली खाली येत विझतो, त्याला मी उसासे म्हणते. आणि दोन नंबर दुसऱ्या कुणाचं बोलणं संपूच देत नाही, मधे पडते. त्या सासूबाई. तू यादीत लिहितेस की तिच्याबरोबर पिल्लू असतं. असणारच. सासूबाई काही उगाच होत नाहीत.

हातोड्याच्या कार्डांवर मात्र माझं डोकं उठतं. एवढ्या ठोकाठोकीत तो जीव बोलणार काय आणि दुसरा ऐकणार काय? दर चार घावांनंतर मला उठून खोलीत फिरावंसं वाटतं आणि उठता येत नाही.

तू जेवतेस का वेळेवर? दादाला, म्हणजे तुझ्या बाबांना, खोटं सांगतेस तसं मला सांगू नकोस. लोभ वाढव, वजनही वाढव.

तुझी
आत्या

---

२ मार्च

ती. आत्यास,
साष्टांग नमस्कार.

अहवाल गेला. काल आमच्या केंद्राच्या प्रमुख सरांनी सही केली आणि तो समितीकडे पोचलासुद्धा. एकोणीसपैकी सात नाहीसे, उरले बारा. हातोडा सुरू झाल्यापासून त्या सात जणांची शीळ कॉम्प्युटरला एकदाही सापडली नाही. तुझे शंकेखोर, उसासे, पुन्हा-पुन्हा आणि सासूबाई त्या सातांत आहेत. तुला वाईट वाटेल म्हणून आधी सांगितलं नाही.

सर फार वर्षांनी हसले. त्यांनी तरुणपणी एका नदीमुखावर काम केलं होतं. तिथले डॉल्फिन एकेक करून संपले, आणि शेवटपर्यंत त्यांच्याकडे ठाम आकडा नव्हता. या वेळी आकडा आहे, असं ते दोनदा म्हणाले. अठरा तारखेला सुनावणी आहे. मी बोलणार आहे.

एवढं सगळं झालं तरी मला बसवत नाही. धक्क्यावरून इकडून तिकडे फेऱ्या मारते. बाबा म्हणतात पायाला भिंगरी लागली आहे. तुझी टिपणं अजून आली नाहीत. आता घाई नाही, सावकाश पाठव.

तुझ्या आशीर्वादाची या महिन्यात जरा जास्त गरज आहे.

तुझी
टिटवी

---

५ मार्च

चि. टिटवीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं आणि हे चौथ्यांदा लिहिते आहे.

शंकेखोर गेलेला नाही. तो पाचव्या कार्डावर आहे, सहाव्यावरही आहे. आवाज ओळखू येत नाही इतका किरटा आणि आखूड झालाय, सुरुवात गिळतो, पण शेवटी तसाच वर जातो. तुझा कॉम्प्युटर शिळेचा आकार बघतो असं तू लिहिलं होतंस. आकार बदलला, म्हणून त्याला तो परका वाटला असेल. मला परका वाटला नाही. लाइन खराब असली की आमचे लोकही असेच बोलायचे. एरवी भारदस्त बोलणारा वकील खरखरीत लाइनवर बाईसारखा चिरकायचा, दोन शब्दांत आटपायचा. तरी तो वकीलच आहे हे मला पहिल्या अक्षराला कळायचं.

पुन्हा-पुन्हाही आहे. तीनऐवजी दोनदाच सांगतो. उसासेही आहे. प्रत्येकाची मिनिटं आणि सेकंद सोबतच्या कागदावर लिहिले आहेत. बाकीचे चौघं मला कुठेही सापडले नाहीत. सासूबाई नाहीत. त्यांना शोधायला ती कार्डं मी तीन वेळा ऐकली.

म्हणजे माझ्या कानाप्रमाणे बारा नव्हे, पंधरा. माझी टिपणं उशिरा गेली हा माझा दोष. खात्री होईपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

रागावशील. रागावलीस तरी पत्र लिही.

आत्या

---

८ मार्च

ती. आत्यास,
नमस्कार.

कागद मिळाला. तुझ्या कष्टाबद्दल आभार.

पण आत्या, हे ऐकीव शास्त्र नाही. चार वर्षांच्या नोंदी एका बाजूला आणि अंथरुणावर पडून मला वाटतं असं म्हणणं एका बाजूला. शेवट वर जाणाऱ्या शिळा कितीतरी असतात. सुनावणीला दहा दिवस आहेत आणि मला हे आता नको होतं. मीच तुला कार्डं पाठवली, चूक माझीच.

प्रकृतीला जप.

टिटवी

---

११ मार्च

चि. ताईस,
आशीर्वाद.

दुकानात बसून लिहितो आहे. गिऱ्हाईक आलं की थांबतो, तेव्हा अक्षर सांभाळून घे. काल टिटवीचा फोन होता. तुझ्या पत्राविषयी सांगितलं. झोपत नाही, जेवत नाही, सकाळपासून फोटो बघत बसली आहे म्हणाली.

ताई, तू माझ्याहून धाकटी, पण तुला लहानपणापासून खरं बोलायची खोड आहे आणि तिचे चटके आम्ही सगळ्यांनी खाल्ले आहेत. मी चष्मे विकणारा माणूस, मला यातलं काही कळत नाही. पण बारा काय आणि पंधरा काय, मुके जीव वाचले म्हणजे झालं ना? तो हातोडा बंद पडणार असेल तर तीन डॉल्फिन इकडे की तिकडे याने कुणाचं काय बिघडतं? टिटवीही समुद्र आटवते म्हणतात. आपली टिटवी चार वर्षं तेच करते आहे. तिची चोच तूच का बांधतेस?

कडक लिहिलं असेल तर सोडून दे. तिची आई असती तर तिने लिहिलं असतं. आता मलाच लिहावं लागतं. वॉकरचं रबर झिजलं असेल तर कळव, इथून पाठवतो.

तुझा
दादा

---

११ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आठ तारखेच्या पत्रातला एकेक शब्द परत घेते. माझ्या जिभेला हाड नाही हे तुला ठाऊक आहे, तरी लाज वाटते.

तुझी मिनिटं घेऊन बसले. ज्या दिवशी, ज्या वेळी तू शंकेखोर म्हणतेस, त्याच वेळी बोटीतून आम्ही फोटोही काढलेले असतात. डॉल्फिनच्या पाठीवरच्या पराची कड प्रत्येकाची वेगळी असते, कुठे खाच, कुठे तुटका कोपरा. तीन दिवस फोटो लावून बघितले. शंकेखोर आहे. पुन्हा-पुन्हा आहे. उसासे आहे. आमच्याकडे फोटो होते आणि आम्ही ते शिळेशी ताडून पाहिलेच नाहीत, कारण कॉम्प्युटरचा आकडा आम्हाला हवा तसा आला होता. बाकीचे चौघं फोटोतही नाहीत. तू बरोबर आहेस, पंधरा.

सरांना सांगितलं. ते ओरडले नाहीत, ओरडले असते तर बरं झालं असतं. खुर्चीत बसून राहिले आणि म्हणाले की दुरुस्ती सुनावणीनंतर रीतसर पाठवू, आत्ता पाठवली तर समोरचा वकील चौघांकडे बघणारसुद्धा नाही, चूक, चूक एवढंच म्हणत राहील. त्यांचं खोटं नाही. एप्रिलमध्येही हातोडा चालू राहिला आणि पिल्लं आयांपासून चुकली, तर माझ्या या तीनच्या फरकातल्या खरेपणाचं मी काय करू? एक घटका वाटतं गप्प बसावं. दुसऱ्या घटकेला उठून सगळं लिहायला घेते. दोन्ही कागद टेबलावर आहेत.

तू काय केलं असतंस? खरं लिही. लगेच लिही.

तुझी
टिटवी

---

१३ मार्च

चि. टिटवीस,
अनेक आशीर्वाद.

काय कर ते मी सांगणार नाही. दादा म्हणतो मला खरं बोलायची खोड आहे. ती खोड मला कशी लागली हे त्याला माहीत नाही, कुणालाच नाही. तुला सांगते.

नोकरीला सहा वर्षं झाली होती. एका दुपारी रंगाच्या गोदामाला आग लागली. फाटकावरच्या रखवालदाराने एक वाजून बारा मिनिटांनी एक्स्चेंजला फोन केला. तो फोन माझ्या शेजारच्या बोर्डावर आला, आणि शेजारची मुलगी जागेवर नव्हती. तिचं तान्हं मूल आजारी होतं, ती मागच्या खोलीत रडत बसली होती. मी माझ्या लाइनी सांभाळत होते. तिचा दिवा मला दिसला तेव्हा एक एकवीस झाले होते. एक बारापासून वाजवतोय, असं रखवालदार ओरडला. मी अग्निशमन दलाला जोडून दिलं. गोदामात दोन माणसं गेली.

चौकशी लागली. मुलीची नोकरी जाणार हे उघड होतं. मुख्य बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं की फोन किती वाजता आला होता. मुलगी दारात उभी होती. मी एक एकवीस लिहिलं. टिटवे, त्यातली दया खोटी नव्हती, फक्त आकडा खोटा होता. मला वाटलं, नऊ मिनिटांनी कुणाचं काय बिघडतं?

रखवालदाराचं बिघडलं. तो शपथेवर सांगत राहिला की मी ज्वाळा दिसताच फोन केला. कागद म्हणत होता की हा नऊ मिनिटं बघत उभा राहिला. त्याला काढून टाकलं. तो आपल्यामागच्या गल्लीत राहायचा. पुढची चौदा वर्षं तो मला भाजीच्या दुकानात भेटे आणि आदराने बाजूला होऊन वाट देई. ती मुलगी मात्र पुढे चांगली कामाला लागली, तिच्या हातून किती जणांना वेळेवर मदत मिळाली असेल. हेही खरंच आहे. म्हणून मी तुला सांगू शकत नाही की कुठला कागद पाठव. मला एवढंच माहीत आहे की चौदा वर्षं मी भाजीला दुसऱ्या रस्त्याने जाता येतं का ते शोधत होते.

हे दादाला कळवायचं की नाही ते मी ठरवीन. तू वेळेवर झोप.

तुझी
आत्या

---

२० मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

झालं. आता सांगते, नीट बसून वाच.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुरुस्ती माझ्या एकटीच्या सहीने दिली. सर म्हणाले की तुझी सही तुझी आहे. सकाळी एकाच गाडीतून गेलो आणि वाटभर ते खिडकीबाहेर बघत होते.

सभागृहात चार लांब टेबलं, पाण्याच्या बाटल्या आणि न चालणारा एक पंखा. मी उभी राहिले आणि सांगितलं की बारा चुकीचं आहे, पंधरा आहेत. पुढचं सरांनी सांगितलं होतं तस्संच झालं. बांधकामवाल्यांचे वकील उठले आणि एवढंच धरून बसले की पहिला आकडा चुकला तर दुसरा कशावरून बरोबर. मग त्यांनी विचारलं की तिघं जागेवर आहेत, शीळ बदलून राहतायत, म्हणजे त्यांनी आवाजाशी जुळवून घेतलं असंच ना? मी म्हटलं, त्यांना ओरडावं लागतंय. एवढंच सुचलं.

अध्यक्ष बाईंनी विचारलं की चूक कुणाला सापडली. मी सांगितलं, माझ्या आत्याला, ती टेलिफोन ऑपरेटर होती, सध्या खुबा मोडून घरी आहे. लोक हसले. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, ऐकवा. मी शंकेखोराची हातोड्याआधीची शीळ चौपट संथ करून लावली, मग हातोड्यातली. दुसरी संपल्यावर बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. मग मी त्या चार जणांच्या आधीच्या शिळा एकेक करून लावल्या आणि सांगितलं की या नंतर कुठेच नाहीत, फोटोतही नाहीत. सासूबाईंची शेवटी लावली.

निकाल पंधरा दिवसांत येईल. सर परतीच्या गाडीत झोपल्यासारखे डोळे मिटून होते. मी बरोबर केलं का हे मला आजही कळत नाही. तू भाजीवाल्याकडे जायचीस ते सारखं डोळ्यांपुढे येतं.

बाबांना त्या गोष्टीतलं काही बोलले नाही. तुझी माझ्यावरची माया अशीच कडक असू दे.

तुझी
टिटवी

---

१६ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

निकालाचं बाबांनी सांगितलंच असेल. काम थांबणार नाही. मात्र एक अट घातली आहे. बांधकामाच्या तराफ्यावर एक माणूस पाण्यात मायक्रोफोन सोडून, कानाला हेडफोन लावून बसेल, पाचशे मीटरच्या आत डॉल्फिन आला की लाल निशाण वर करेल, आणि तो जाईपर्यंत हातोडा बंद. तो माणूस मी. केंद्रातले दोघं मला आता ठेकेदाराची बाई म्हणतात. सर कामापुरतं बोलतात. काल मात्र त्यांनी विचारलं की निशाण उंचावरून नीट दिसतं ना.

आठ दिवस काहीच आलं नाही. हातोडा चालू, मी बसलेली, आणि आपण इथे शोभेला ठेवलोय की काय असं वाटून जीव नुसता वरखाली. काल सकाळी पावणेअकराला पाठ दिसली, बरोबर समोर. मी निशाण वर केलं. हातोडा थांबला. आत्या, डिसेंबरपासून पहिल्यांदा दिवसाउजेडी मी ते पाणी शांत ऐकलं.

तराफ्यावरची चाळीसएक माणसं हात टेकून बसली आणि माझ्याकडे बघू लागली. मुकादम भला माणूस आहे. दर दहा मिनिटांनी येऊन अदबीने विचारायचा की अजून किती. मला काय ठाऊक? पन्नासाव्या मिनिटाला, पाठ शेवटची दिसून पाच मिनिटं झाली होती, कानातही काही नव्हतं, म्हणून मी निशाण उतरवलं. तो गेला असेल असं मला वाटलं. की सगळ्यांच्या नजरांना कंटाळून वाटलं, ते सांगता येत नाही.

मधे मला काहीतरी ऐकू आलं. काय आणि कधी, ते लिहीत नाही. इतके महिने ते ऐकायची आस लागली आहे की माझ्या कानावर माझाच भरवसा उरलेला नाही. सोबत कार्ड आहे, चौपट संथ केलेलं, हातोडा पुन्हा सुरू झाल्यानंतरचा थोडा भागही आहे. तू ऐक आणि जे असेल तेच लिही.

तुझी
टिटवी

---

२३ एप्रिल

चि. टिटवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

साडेतीन तासांचं कार्ड दोन दिवस पुरवून ऐकलं. आता काठीवर चालते, पण या कामाला पुन्हा अंथरुणातच गेले. तिथे मला बरं ऐकू येतं.

पहिला तास पाणी आणि तळातली चटचट, बाकी कुणी नाही. एक तास बावन्नाव्या मिनिटाला पुन्हा-पुन्हा आला, किरट्या आवाजात, दोनदाच. बदलला नाही. दोन तास एकतीस मिनिटांनी शंकेखोर. पहिल्यांदा तसाच चिरका. मग इतका वेळ गप्प की मी कार्ड संपलं का ते उठून बघितलं. दोन तास अडतीसला त्याने आपल्या जुन्या आवाजात विचारलं. सुरुवात गिळली नाही, घाई केली नाही, पहिल्या कार्डावर होता तसा सबंध. तुला ऐकू आलं ते हेच असेल तर तुझे कान ठीक आहेत. तसाच तो आणखी तीनदा बोलला. चौथ्या वेळी पुन्हा-पुन्हाने उत्तर दिलं, तीनदा.

सासूबाई नव्हत्या. मी वाट बघितली.

आता दुसरी गोष्ट. तीन तास एकवीसला हातोडा पडला आणि लगेच शंकेखोर चिरकला, अगदी जवळून. तू निशाण उतरवलंस तेव्हा तो गेलेला नव्हता, नुसता गप्प होता. मनाला लावून घेऊ नकोस, वहीत मात्र लिही. बोलायला त्याला अर्ध्याहून अधिक वेळ लागला. पुढच्या वेळी कुणीही कितीही अदबीने विचारलं तरी तासभर निशाण वरच ठेव.

कार्ड परत पाठवत नाही. माझ्याकडे राहू दे. नवं पाठव.

तुझी
आत्या